दोरा ओवणारी

आमच्या बाबांनी आयुष्यभर चावीची माणसं केली. नाव वल्हवणारा कोळी, पेल्याखालची गोटी गायब करणारा जादूगार, एक मान वाकडी करून गाणारा पक्षी. पोटात स्प्रिंग, पाठीत चावी आणि मध्ये पितळेच्या चकत्या, एकावर एक. चकतीची कड जिथे उंच तिथे हात वर जाणार, जिथे खोलगट तिथे खाली येणार. एवढंच गणित, पण भली भली माणसं त्याच्यापुढे तोंडाचा आ करून उभी राहायची. मीही त्यातलीच. म्हणून तर लग्न झालं तरी मी बाबांच्याच कारखान्यात कानस चालवत राहिले.

बाबांची एक रीत होती. 'जरा हात वर करून दाखव' असं ते कुणालाच म्हणायचे नाहीत. सांगून केलेली हालचाल खोटी, असं त्यांचं म्हणणं. माणूस आपल्या नादात असताना ते चोरून बघत बसायचे, दिवसच्या दिवस, आणि मग कुठे चकती कापायला घ्यायचे. जेवताना पाहुण्यांच्या मनगटाकडे टक लावून बसले की आई त्यांना कोपराने ढोसायची.

शेवटची बाहुली त्यांनी आई गेल्यावर केली. खुर्चीत बसलेली बाई, एका हातात खरी सुई, दुसऱ्यात दोरा. चावी दिली की ती दोऱ्याचं टोक ओठांशी नेते, सुईपाशी आणते आणि चुकते. पुन्हा आणते, पुन्हा चुकते. मग दोन्ही हात पुढे करून थांबते. बस्स, संपलं. बाबांचा हात थकला आणि काम अर्धवट राहिलं, असंच आम्ही भावंडं धरून चाललो होतो.

मग बाबा विसरायला लागले. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग घरचा रस्ता, मग मी. ते मला 'मॅडम' म्हणू लागले. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी हसले आणि मोरीत जाऊन रडले. बाहुलीला मात्र ते विसरले नाहीत. रोज सकाळी अंघोळ, धुतलेला सदरा, दोन घास, सगळं निमूटपणे चालायचं ते तिच्यासमोर जाऊन बसण्यासाठी. "त्यांना उठायला एक कारण आहे. तेवढं जपा," असं डॉक्टरीणबाईंनी मला बजावून सांगितलं होतं.

मी लेथवर असायचे, त्यांच्याकडे पाठ करून. कधी मागे वळले तर बाबा बाहुलीच्या हातांवर वाकलेले दिसायचे, काहीतरी खुडबुड चाललेली. दोष शोधत असतील, जित्याची खोड, असं म्हणून मी कामाला लागायचे.

धाकटा राहायला आला तेव्हा त्याने हे पाहिलं. माझा हा भाऊ छोट्या मोटारींवर आणि कॉम्प्युटरवर चालणारी माणसं करतो. ती बोलतात, डोळेसुद्धा मिचकावतात.

"ताई, बाबांना ही पुरी झालेली दिसू दे गं," तो म्हणाला. "अजून थोडं कळतंय तोवर."

"तिच्या पोटात मोटार घुसवलीस तर हात तोडीन."

"मोटार नाही. फक्त शेवटची चकती."

त्याने मापं घेतली आणि नवी चकती त्याच्या मशीनवर कापून आणली. आता ती दोनदा चुकायची आणि तिसऱ्या वेळी दोरा अलगद ओवायची. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू? अर्धं काम डोळ्यांपुढे असलं की आम्हाला चैन पडत नाही. शेवटी पोरं बाबांचीच.

सकाळी बाबा आले. धाकट्याने चावी दिली आणि आम्ही दोघं बाजूला उभे राहिलो. बाहुली चुकली. पुन्हा चुकली. तेवढ्यात बाबांचा हात पुढे आला, चिमटीत काहीतरी घ्यायला निघालेला. बाहुलीने दोरा ओवला आणि हात मांडीवर ठेवले. बाबांचा हात तसाच राहिला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेवटी शेवटी आईला अंधुक दिसायचं. आम्ही तोवर आपापल्या संसारात होतो. सुईत दोरा जाईना की ती सुई कुणाच्या हातात देत असेल, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. बाहुली पुरीच होती. राहिलेलं काम बाबांचं होतं, आणि ते रोज करत होते.

"जमलं की हिला," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "चला, आता माझं काय काम?"

धाकट्याने तिथल्या तिथे तिची पाठ उघडून जुनी चकती परत बसवली. चकतीचं काय, बदलता येते.

दुसऱ्या दिवशी बाबा उठेनात. अंघोळ नको, सदरा नको. आम्ही दोघांनी धरून आणून त्यांना बाहुलीसमोर बसवलं. चावी दिली. ती चुकली, पुन्हा चुकली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. "बाबा, घ्या ना," धाकटा म्हणाला.

परक्या बाईसमोर बसतात तसे बाबा अंग चोरून बसले होते. थोड्या वेळाने ते माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, त्या बाईंना जरा दोरा ओवून द्या. कुणी नाही वाटतं त्यांचं."

मी बाहुलीच्या हातातली सुई घेतली. मला नेढं दिसेना.