मुंडकं आणि शेपूट

"हे?" रितेश सरांनी तिसरं कार्ड टेबलावर ठेवलं.

हौसाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. कार्डावर Na₂CO₃ लिहिलं होतं. "सोडियम कार्बोनेट."

"आणि हे?"

"कॅल्शियम क्लोराइड."

मी दारापाशी उभा होतो. गोदामाचा कारकून म्हणून मला आत यायची परवानगी होती, तोंड उघडायची नव्हती. गप्प उभं राहणं हे काही माझ्या रक्तात नाही, त्यामुळे मी हाताची घडी घालून ओठ आवळून धरले होते.

हौसाबाई आमच्या कंपनीत अठरा वर्षं कंत्राटावर होत्या. रोह्याजवळच्या धाटावच्या गोदामात पोती लावायची, फाटलेली शिवायची, सांडलेलं भरायचं, हे त्यांचं काम. मूळच्या पेणच्या खाडीकडच्या, लग्नानंतर रोह्याला आल्या आणि आता नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहतात. शाळा चौथीपर्यंत. अठरा वर्षांत त्यांना कोणी बसायला खुर्ची दिली नव्हती. ती पहिल्यांदा मिळाली ती परीक्षेसाठी.

परीक्षा का, तर आमच्याच गाढवपणामुळे. गोदामात माल ओळखायची आमची पद्धत म्हणजे पोत्यावरचा पट्टा. निळा पट्टा पहिल्या रांगेत, हिरवा दुसऱ्या, लाल कोपऱ्यात. अक्षरं वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे, मीसुद्धा नाही. मग पुरवठादार बदलला, त्याच्याबरोबर पट्टे बदलले आणि आम्ही निळा पट्टा बघून भलतीच पोती पहिल्या रांगेत रचली. अख्खी बॅच वाया गेली. त्यानंतर साहेबांनी ठरवलं की गोदामाच्या दारात एक माणूस पाहिजे, जो पोत्यावरचं रासायनिक सूत्र वाचून नाव सांगेल आणि मगच माल आत घेईल. जागा कायमची. कंत्राटी कामगारांनाही संधी, पण प्रयोगशाळेच्या रितेश सरांची तोंडी परीक्षा पास व्हायला हवी.

पहिल्या परीक्षेला हौसाबाई बसल्या तेव्हा काय झालं ते सांगायलाच हवं. बाईंनी नावं पाठ केली होती ती रांगेने. दारातून शिरलं की डावीकडे पहिलं कोण, दुसरं कोण, कोपऱ्यात कोण. सरांनी कार्डं पिसून ठेवली होती. बाईंनी पहिल्या कार्डाला पहिल्या रांगेचं नाव सांगितलं, दुसऱ्याला दुसऱ्या रांगेचं. दहापैकी दहा चूक. ऑफिसातली मंडळी हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, हसलात ते हसलात. आता शिकवा."

"या वयात?"

"वय माझं हाय, तुमाला काय जड झालंय?"

त्या वर्षी ती जागा कोणालाच मिळाली नाही. पुढचे आठ महिने आम्ही डबा खाल्ला की गोदामाच्या फरशीवर खडूने लिहीत बसायचो. मी बीएस्सी अर्धवट सोडलेला माणूस, पण एवढं मला येत होतं. मी सांगितलं, "पुढचं अक्षर म्हणजे मुंडकं. त्याचं नाव आहे तसं घ्यायचं. मागचं म्हणजे शेपूट. ते बदलतं. क्लोरीन शेपटाला आला की क्लोराइड, ऑक्सिजन आला की ऑक्साइड."

"आनि कार्बोनेट, सल्फेट?"

"तो घोळका. एकत्रच फिरतो, त्याचं नाव एकत्रच घ्यायचं."

"आमच्या बचत गटासारका," त्या म्हणाल्या आणि खडू हातातून काढून घेतला.

आज दहाही कार्डं बरोबर आली. मी मनातल्या मनात पेढे वाटायला सुरुवात केली होती, तेवढ्यात रितेश सर खुर्चीत मागे रेलले. माणूस वाईट नव्हता, पण शंकेखोर होता.

"मावशी, मागच्या वेळी तुम्ही रांग पाठ केली होती. या वेळी गोदामातलं सगळंच पाठ केलंत. उद्या नवीन माल आला की काय करणार?"

त्यांनी कोरा कागद ओढला, त्यावर MgCl₂ लिहिलं आणि बाईंसमोर सरकवला. "हे आपल्याकडे येत नाही. सांगा."

हे आम्ही फरशीवर कधीच लिहिलं नव्हतं. मी सरांवर चिडलो, मग स्वतःवर.

हौसाबाईंनी कागदावर बोट ठेवलं. मघाच्या दहा कार्डांना लागला तेवढा वेळ या एका कागदावर गेला. त्यांचे ओठ हलत होते.

"मुंडकं त्या मॅग्नेशियम सल्फेटच्या पोत्याचं हाय," त्या हळूहळू म्हणाल्या. "शेपूट कॅल्शियम क्लोराइडचं. म्हंजी ह्ये मॅग्नेशियम क्लोराइड."

"खाली दोनचा आकडा आहे. मग डायक्लोराइड का नाही?"

ही तर सरळ सरळ फसवणूक होती. मी खाकरलो. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं.

"कॅल्शियमला बी दोनच हायत ना, सर? पोत्यावं नुसतं क्लोराइड लिवतात. सोडियम एक धरतो, ह्यो दोन धरतो. नेहमी दोनच धरतो तर पुन्हा पुन्हा सांगायचं कशाला?"

रितेश सर हसले आणि त्यांनी फाईल मिटली. "बरोबर. अगदी बरोबर."

मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. शिकवलं मी मुंडकं आणि शेपूट, पण न पाहिलेलं नाव जुळवायची अक्कल बाईंची स्वतःची होती.

उठताना त्यांनी विचारलं, "सर, ह्ये मिळतं कुठं?"

"समुद्राच्या पाण्यात असतं. मिठागरात मीठ काढून घेतल्यावर जे कडू पाणी उरतं ना, त्यात हेच असतं."

हौसाबाई परत खुर्चीत बसल्या. "माझी आय पेनच्या मिठागरात होती. जलमभर त्याच पान्यात उभी. पायाला ह्या एवढ्या भेगा." त्यांनी बोटाने मापही दाखवलं. "कडू पानी, कडू पानी म्हनायची. तिला बिचारीला नाव कुनी सांगितलंच नाय." त्यांनी तो कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि ब्लाउजमध्ये ठेवला. सरांनी मागितला नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी पहिला ट्रक आला. मागचं फळकं पडलं, हमाल पुढे झाले.

"थांबा रं," हौसाबाई म्हणाल्या.

चष्मा लावून त्या पोत्यावरची अक्षरं वाचू लागल्या. ड्रायव्हर वैतागला. खिडकीतून डोकं काढून मला म्हणाला, "ओ भाऊ, सांगा ना यांना. मला पेणला जायचंय अजून."

"मी कोण सांगणार?" मी म्हटलं. "त्या घेतील तेव्हा माल आत जाईल."

त्याने बाईंकडे पाहिलं. बाईंचं लक्ष पोत्यावरच होतं. थोडा वेळ तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला, मग त्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरून त्यांच्या शेजारी उभा राहिला.