अठ्ठावीस कळ्यांची छत्री

पिशवीतून कापड निघता निघेना. शिवणबाई ओढत होत्या, मेट्रनबाई ओढत होत्या, कापायचे टेबल भरून कापड जमिनीवर उतरले, शिलाई मशिनच्या पायांत शिरले, तरी पिशवीच्या तळाशी अजून गोळा शिल्लकच. पांढरेशुभ्र, सळसळणारे आणि हातात धरले तर वजन नसल्यासारखे.

पिशवी आणणारा म्हातारा दारातच उभा होता. सैन्यातून निवृत्त झालेला, विमानातून उड्या मारण्यात उमर गेलेली. त्याची नात दीड किलोची जन्मली होती आणि याच इस्पितळाच्या उबेच्या पेटीत तिने पाच आठवडे काढले होते. इस्पितळाला तिसरी पेटी हवी आहे आणि त्यासाठी मदत गोळा होते आहे, हे ऐकून तो आपली हवाई छत्री घेऊन आला होता. पैसे माझ्याकडे नाहीत, म्हणाला, पण ही आहे. कापड कुठे फाटलेबिटलेले नाही ना, असे मेट्रनबाईंनी विचारले, तेव्हा त्याने स्वतःकडे बोट दाखवले. "मी उभा आहे ना तुमच्यासमोर?"

शिवणबाई इस्पितळाच्या शिवणखोलीत सव्वीस वर्षे होत्या. चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेचे अंगरखे, सगळे त्यांच्या हातून जायचे. मेट्रनबाईही त्यांच्याच बरोबर, त्याच महिन्यात कामाला लागलेल्या. दोघींच्या नोकऱ्या जुळ्या बहिणींसारख्या वाढल्या होत्या, आणि रोज चार वाजता मेट्रनबाई कप घेऊन शिवणखोलीत यायच्या, हा इस्पितळाचा अलिखित नियम होता.

शिवणबाईंनी छत्रीच्या कळ्या मोजल्या. घेरदार झग्याला असतात तशाच, वर निमुळत्या, खाली रुंद. अठ्ठावीस भरल्या. मनातल्या मनात त्यांनी कात्री चालवूनही टाकली. एका कळीत चार झबली, उरलेल्या तुकड्यांची टोपडी. विमानातून उतरलेल्या कापडाचे झबले कोण घेणार नाही? त्यांनी तसे सांगितले. मेट्रनबाईंनी मान डोलावली. काम ठरलेच होते म्हणायचे.

तेवढ्यात कोपऱ्यातून नवी म्हणाली, "कापायची कशाला, ताई?"

नवी म्हणजे चार महिन्यांपूर्वी लागलेली दुसरी शिवणकाम करणारी. तिशीची, डावखुरी, भरतकामात हात असा की उशीच्या कोपऱ्यावर नुसती खूण करायला सांगितली तर ती तिथे पान काढून ठेवायची. तिचे म्हणणे असे की छत्री अखंडच ठेवावी. या इस्पितळात जन्मलेल्या कुणाचेही नाव घरच्यांनी चिठ्ठीवर लिहून द्यावे, सोबत जमेल ती मदत द्यावी. ते नाव आपण छत्रीवर भरायचे. मग एक दिवस ठरवून ती अंगणात उभारायची, आणि सगळ्यांनी येऊन आपापले नाव शोधायचे.

 मेट्रनबाईंनी नवीच्या पाठीवर हात ठेवला. तो हात शिवणबाईंनी पाहिला. कानामागून आली आणि तिखट झाली, एवढेच त्यांच्या मनात आले, आणि तिथून पुढे सहा आठवडे दुसरे काही येईनाच.

चिठ्ठ्या धो धो आल्या. चौकशीच्या खिडकीपाशी ठेवलेला पत्र्याचा डबा रोज भरायचा. कुणी नातवाचे नाव दिले, कुणी स्वतःचेच. भाजीवाल्याने पाचही मुलांची दिली, शिवाय सहाव्यासाठी जागा राखून ठेवता येईल का, असे विचारून गेला. नवी सकाळपासून मान मोडून निळ्या दोऱ्याने साखळी टाका घालत बसायची आणि भरून झालेली चिठ्ठी तारेत खोचायची. शिवणबाईंना तिने दोनदा विचारले, ताई, थोडी नावे तुम्ही घ्याल का? शिवणबाई म्हणाल्या, चादरी कोण शिवणार, तुझी छत्री पांघरून झोपायचेय का रुग्णांनी? तरी छत्रीच्या काठाची उसवलेली शिलाई त्यांनीच घातली, सगळा घेर, एकटीने, एका सुतात. ती कुणाच्या लक्षात आली नाही. चांगली शिलाई लक्षात येत नाही, हेच तिचे दुर्दैव.

आणि चारचा चहा. मेट्रनबाई येतच होत्या, पण कप आता नवीच्या टेबलावर टेकायचा. नावे वाचता वाचता दोघी हसायच्या. ही मुलगी मला आठवते, मेट्रनबाई म्हणायच्या, हिने जन्मल्या जन्मल्या डॉक्टरांचे बोट धरले होते. शिवणबाईंनाही ती मुलगी आठवत होती. पण त्यांना कुणी विचारत नव्हते, आणि आपण होऊन बोलायला जीभ उचलत नव्हती. रात्री घरी गेल्या की नवऱ्याला सांगायच्या, त्या पोरीचा टाका मागून बघा म्हणावं, नुसता गुंता असतो. खरे तर त्यांनी मागून बघितला होता. मागूनही तो पुढच्यासारखाच होता. तेच जास्त झोंबत होते.

पाचव्या आठवड्यात इस्पितळाचे विश्वस्त पाहायला आले. मेट्रनबाईंनी नवीला पुढे केले आणि म्हणाल्या, ही आमची कलाकार. मग शिवणबाईंकडे वळून म्हणाल्या, "आणि ह्या चादरी बघतात."

बोलण्यात काही वाकडे नव्हते. शिवणबाई चादरीच बघत होत्या. पण ते शब्द त्यांच्या छातीत अडकले ते अडकलेच. पाहुणे गेले, नवी जेवायला गेली. डबा टेबलावर उघडा होता. शिवणबाईंनी त्यात हात घातला, मूठभर चिठ्ठ्या न वाचता उचलल्या आणि आपल्या कामाच्या कोटाच्या खिशात टाकल्या. घोळ होऊ दे एकदा. कळू दे सगळ्यांना कलाकार किती नीटनेटकी आहे ते.

दुसऱ्या दिवशी परत टाकू, असेही त्यांना वाटले होते. पण दुसऱ्या दिवशी नवीने डबा उपडा करून दाखवला आणि म्हणाली की यापुढच्या नवीन चिठ्ठ्या आता घेणार नाही, आहेत तेवढ्या संपल्या. आता परत टाकायच्या म्हणजे कुठून आणल्या ते सांगायचे. चिठ्ठ्या अकरा होत्या. घरी ठेवायची भीती, कपाटात ठेवायची भीती. त्या खिशातच राहिल्या, आणि शिवणबाई वाकल्या की कुरकुरायच्या.

छत्री उभारायचा दिवस आला. म्हाताऱ्या सैनिकाने अंगणात मधोमध रोवलेल्या खांबावर दोर चढवला, कडेचे दोर व्हरांड्याच्या खांबांना स्वतः गाठी मारून बांधले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. अंगण पांढऱ्या छताखाली गेले. माणसे माना वर करून, बोटे उंचावून फिरू लागली. सापडले, सापडले, असे इकडून तिकडून ऐकू येत होते. बायका पोरांना उचलून त्यांच्याच नावाला हात लावायला सांगत होत्या. शिवणबाई एका खांबाला टेकून आपल्या शिलाईकडे बघत उभ्या होत्या.

बसचा एक चालक कामावरच्या कपड्यांतच आला होता. त्याने छत्रीखाली एक फेरी मारली, मग दुसरी, मग प्रत्येक कळीपाशी थांबत तिसरी. शेवटी तो नवीच्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला की माझ्या चिठ्ठीचे काही दिसत नाही. नवीने तारेतल्या चिठ्ठ्या उलगडून पाहिल्या, एकदा, पुन्हा एकदा. तिचे कान लाल झाले. मेट्रनबाई पुढे आल्या आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाल्या, नीट बघितलं होतंस ना तू? नवी तारेतल्या चिठ्ठ्या तिसऱ्यांदा चाळू लागली.

हेच तर हवे होते. शिवणबाईंना क्षणभर ते गोडही लागले, खोटे कशाला बोला.

चालक मात्र ओशाळला. "राहू द्या हो," तो म्हणाला, "तिला ओरडू नका. मुळात नावच नव्हतं. चार दिवसांची होती, ठेवायचं राहून गेलं. मीच उगाच चिठ्ठी टाकली. नाव नाही तर बिचाऱ्या लिहिणार काय?"

आणि तो खरोखरच निघाला. त्याची टोपी हातात होती आणि ती तो दोन्ही हातांनी फिरवत होता.

शिवणबाईंचा हात खिशात गेला. चिठ्ठ्या बाहेर काढून त्यांनी एकेक उघडली. सहावी ती होती. वरची जागा कोरी, खाली लिहिलेले, मुलगी, चार दिवस.

"चिठ्ठी माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या.

नवीने त्यांच्या हातातल्या उरलेल्या दहा पाहिल्या. तिने आवाज चढवला नाही. "राहिली की ठेवली, ताई?"

शिवणबाईंना तोंडावर खोटे बोलण्याची सवय नव्हती. पाठीमागे केले होते तेवढेच. "ठेवली," त्या म्हणाल्या.

मेट्रनबाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि नजर काढून घेतली. सव्वीस वर्षांत तसे त्यांनी कधी केले नव्हते. मग त्यांनी नवीला सांगितले की दोरा आण, आत्ताच भरून दे. पण शिवणबाईंनी स्टूल ओढले होते. मी करते, म्हणाल्या. नवी तशीच उभी राहिली, मग तिने निळ्या दोऱ्याचे रीळ पुढे केले. सुई ओवून दिली नाही. ती शिवणबाईंनी स्वतः ओवली, तिसऱ्या खेपेला.

स्टुलावर चढल्या खऱ्या, पण भरायचे काय? त्यांना वेलबुट्टी येत नव्हती. सरळ हातटीप, एवढीच त्यांची विद्या. कापड हातात धरून त्यांनी खाली चालकाला विचारले, जसे कुठल्याही कपड्यासाठी विचारले असते तसे.

"केवढी होती?"

चालकाने टोपी बगलेत मारली. डाव्या कोपरावर उजवा हात ठेवला आणि तो मनगटाच्या पुढे, बोटांच्या पेरांपर्यंत आणला. "एवढी," म्हणाला. "बायको म्हणते थोडी जास्त होती."

शिवणबाईंनी त्याला डावा हात छत्रीच्या काठाशी धरायला लावला. कोपरापाशी एक टाचणी टोचली, दुसरी पेरांच्या एक बोट पुढे. आणि दोन टाचण्यांच्या मध्ये निळ्या दोऱ्याची सरळ टीप घातली. खाली लहान अक्षरांत 'चार दिवसांची' असे टाक्यांनी लिहिले. वाऱ्याने कापड हलत होते, म्हणून चालक शेवटपर्यंत ते दोन्ही हातांनी ताणून उभा राहिला. काम झाल्यावर त्याने त्या टिपेवरून एकदा अंगठा फिरवला. बायकोला दुपारी घेऊन येतो म्हणाला आणि बस उभी होती म्हणून गेला.

त्या दिवशी जमलेल्या मदतीत तिसरी पेटी आली आणि तिच्याखालचे चाकांचे टेबलही आले. शेजारच्या गावातल्या इस्पितळाने छत्रीची कल्पना उचलली. ते चादरी जोडून छत करणार होते, कारण विमानातून उडी मारलेला म्हातारा त्यांच्याकडे नव्हता. चादरी शिवून द्याल का, असे त्यांनी विचारले, आणि मेट्रनबाईंनी ते काम नवीला दिले. शिवणबाईंना तेही झोंबले. हेवा असा एका टिपेत शिवून टाकता येत नाही. मेट्रनबाई आता चहा आपल्याच खोलीत घेत होत्या.

उरलेली दहा नावे शिवणबाईंनी आठवड्यात भरली. मेट्रनबाईंनी त्यांना एकच शिक्षा दिली होती. दहाही घरी तुम्ही स्वतः जायचे आणि नाव का नव्हते ते सांगायचे. शिवणबाई गेल्या. एकाने दार उघडले नाही. एक बाई चिडून बोलली, पुष्कळ बोलली, आणि ते बरे वाटले. तिघांना आपण चिठ्ठी दिली होती हेच आठवत नव्हते.

दहावे घर एका म्हातारीचे होते. एकटी राहायची. चिठ्ठीत तिने आपल्या मुलाचे नाव दिले होते. आता तो फार लांब असतो, म्हणाली. शिवणबाईंनी पाठ झालेले वाक्य सांगितले, चिठ्ठी मी लपवली होती, चूक माझी होती. म्हातारीने ते पुन्हा सांगायला लावले.

"म्हणजे नाव नव्हतंच तिथे?"

"नव्हतं."

"मी आले होते त्या दिवशी," म्हातारी म्हणाली. "चार फेऱ्या मारल्या. सगळ्यांना सापडतंय, मलाच नाही. म्हटलं, गेले आता डोळे. दुसऱ्या दिवशी जाऊन नवा चष्मा करून आणला." तिने नाकावरचा चष्मा काढून हातात धरला आणि त्याच्याकडे पाहिले. "याने तर चक्कर येते मला."

 म्हातारी रागावली नव्हती. उलट तिचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे जुनाच ठीक होता की."

ती आत गेली. कपाट उघडल्याचा, काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांवर एका काडीला दोरा गुंडाळलेला चष्मा होता. तिने चपला घातल्या, दाराला कुलूप लावले आणि ते दोनदा ओढून पाहिले.

"चला," ती म्हणाली, "कुठे ठेवलीय ती छत्री?"

रस्ता चढाचा होता. शिवणबाईंनी आपली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हातारीच्या पावलाला पाऊल लावून हळूहळू चालू लागल्या.