संत्र्याच्या वासाचं भूत

नत्थूबाबाच्या ओट्यापुढे अडीचशे माणूस जमलं होतं आणि मधोमध बारा वर्षांची खुशी मार खात होती. नरखेड तालुक्यातलं गाव, सकाळचे अकरा, संत्र्याच्या बागांत फळांचा तोडा चालू. पण कामं टाकून सगळे इथे. ओल्या दोरखंडाचा फटका बसला की बायका तोंडाला पदर लावायच्या आणि पुढचा नीट दिसावा म्हणून मान उंच करायच्या. पोरीचे दोन्ही हात तिच्या आईनेच, पंचफुलाने, गच्च धरले होते. सोडलं तर भूत विहिरीत उडी घेईल, असं बाबाने बजावलं होतं.

"बोल, बागेतलीच हायेस ना तू? फळं सडते तिथली?" बाबा गरजला.

खुशीचा श्वास खोल, धापा टाकल्यासारखा चालला होता. बाबाने तिचा जबडा दाबून उघडला आणि तिच्या बापाला, महादेवरावांना, पुढे बोलावलं. "घ्या वास. पोट्टीनं संत्र्याची एक फोड तरी खाल्ली काय? मंग हा सडक्या संत्र्याचा वास काहून येऊन राहिला?"

महादेवराव वास घेऊन मागे सरले. जन्म बागेत गेलेला माणूस, सडक्या फळाचा तो आंबूस-गोड वास त्यांना झोपेतही ओळखता आला असता. दुसऱ्या गावात ही खूण कोणाला पटली नसती. इथे ती लगेच पटली.

"आनं आयका. हे पोट्टी रातभर पानी पेते. दहा डाव मुताले उठते. दोघाइतकं जेवते अन् वाळून राहिली. मुतली तिथं मुंग्या. मले कोनं सांगतलं? देवानं."

देवाने कसलं बोडक्याचं सांगितलं! गेल्या गुरुवारी याच ओट्यावर बसून पंचफुलानेच रडत रडत हे सगळं सांगितलं होतं. पण भीतीने डोकं असं बधिर होतं, की आपलेच शब्द बाबाच्या तोंडून आले की माणूस मान लववतो. तिनेही लववली. "भुताले पानी पाजू नका" या हुकमापायी तिने दोन दिवस लेकीला घोटभर पाणी दिलं नव्हतं. काल पोरगी न्हाणीतल्या ओल्या फरशीला जीभ लावताना सापडली, तेव्हा तिने तिच्या थोबाडीत मारली होती.

बाबाने मिरच्यांची मूठ निखाऱ्यावर टाकली. भिवापुरी मिरची ती, पुढची रांग खोकत पळाली. त्याने खुशीचं तोंड त्या धुरात दाबलं. तिला उलटी झाली आणि मान लटकली.

"निघून राहिलं भूत," बाबा म्हणाला.

"पोरगी मरून राहिली," मागून आवाज आला.

उपकेंद्रात चार दिवसांपूर्वी बदलून आलेली नर्स मुग्धा गर्दीत घुसली. बाबाच्या चेल्याने तिला ढकललं, तिचं कपाळ ओट्याच्या कडेवर फुटलं. रक्त पुसत ती उठली आणि खुशीच्या तोंडाशी वाकली.

"ताई, मी तुमच्या पोरीला आज पहिल्यांदा बघतेय," ती पंचफुलाला म्हणाली. "महिन्याभरात हिचे कपडे सैल झाले. अंथरूण ओलं करायला लागली. अंधुक दिसतं म्हणाली. आता पोट दुखतं. बरोबर?"

पंचफुला हादरली. अंथरुणाचं तिने लाजेपायी बाबालाही सांगितलं नव्हतं.

"तुह्या अंगात कोन येते वं?" म्हाताऱ्या मनकर्णाबाईंनी विचारलं.

"कोणी नाही, आजी. नर्सिंगच्या पुस्तकात लिहिलंय. मधुमेह आहे हा, शुगर."

तिने खुशीच्या बोटाला सुई टोचून थेंब यंत्रावर घेतला. यंत्र सहाशेपर्यंत मोजतं. त्याने आकडाच दाखवला नाही, नुसतं इंग्रजीत 'हाय' लिहिलं, म्हणजे साखर त्याच्याही वर.

"शुगर तर म्हाताऱ्याले होते," महादेवराव पुटपुटले.

"लेकरांनाही होते, काका. शरीरात इन्सुलिन बनणं थांबलं की साखर रक्तात साचते, लघवीतून वाहते, म्हणून मुंग्या. ती पाणीही ओढून नेते, म्हणून तहान. साखर वापरता येत नाही म्हणून शरीर चरबी जाळतं, त्याचं आम्ल रक्तात चढतं. हा वास त्याचा आहे. एकशे आठला फोन लावा. तासाभरात इन्सुलिनची सुई नाही मिळाली तर पोरगी हातची जाईल."

बाबाने दोरखंड मुग्धावर उगारला. पंचफुलाने लेकीचे हात सोडले आणि दोरखंड वरच्यावर हिसकला.

"थे मीच सांगतलं होतं तुले. गुरुवारी. मीच," ती म्हणाली आणि त्याच्या तोंडावर फटका हाणला. ओठ फाटला. दुसऱ्याने दात पडला. ती मारतच राहिली, चार गड्यांनी ओढेपर्यंत, आणि ओढल्यावर लेकीजवळ बसून स्वतःचंच तोंड बडवू लागली.

खुशी वाचली. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात ती सहा दिवस होती, त्यातले तीन बेशुद्ध. आता रोज चार वेळा इन्सुलिन, जन्मभर. ती शाळेत जाते, खो-खो खेळते. पाठीवरचे वळ मात्र गेले नाहीत.

नत्थूबाबावर गुन्हा दाखल झाला, जामीनही झाला. शेजारच्या गावात त्याचा नवा ओटा आहे. म्हणून दर गुरुवारी पंचफुला तिथल्या एसटी थांब्यावर उभी असते. कडेवर वाळलेलं लेकरू घेऊन बाई उतरली की ती तिची वाट अडवते.

"पानी लय पेते काय हे? सारखं मुतते? खाऊनही वाळून राहिलं? सुस्तावते? तं बाई, आंधी दवाखान्यात जा, बोटाचा एक थेंब तपास. भूत असंन तं थे एक दिवस थांबंन. शुगर थांबत नाई. मी माह्याच लेकीचे हात धरले होते मारासाठी. तू नको धरू."