न मेलेल्याचे सुतक

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. अंथरायची नव्हे, कमरेला गुंडाळायची. आमच्या टोंगा बेटावर चर्चला जाताना चांगली चटई बांधतात आणि घरात कोणी गेले की फाटकी. म्हणून त्या सकाळी लुपे मला बांधून अंगणात आली, तेव्हा शेजारीण कुंपणावरूनच ओरडली, “अगं, कोण गेलं?”

“माझा नवरा. न्यूझीलंडात दुसरीबरोबर नांदतोय. काल बाजारात कळलं.”

थोरली बहीण लाविनिया धावत आली. “सोड ती! जिवंत माणसाचं सुतक धरतेस? गाव हसेल.”

“मग काय करू, ताई? नवी बांधून नाचू?”

लुपे मधली. थोरलीचे ऐकायचे आणि धाकट्याला सांभाळायचे, यातच तिचे वय गेले.

मला तिच्या आईने केवड्याच्या पानांपासून विणले. तेव्हा बायका माझी वीण चिमटीत धरून बघायच्या. पुढे कडा उसवल्या आणि मी पेटीत गेले. आईच्या मरणात लुपेने मला बांधले. त्यानंतर माझी आठवण कोणाला झाली नाही. होऊही नये, असे मला वाटे.

लुपेचा खरा राग धाकट्या भावावर, तेवितावर होता. तो तिच्या नवऱ्याबरोबरच तिकडे सफरचंदे तोडायला जायचा. सारे ठाऊक असून गप्प राहिला. आमच्याकडे भाऊ बहिणीसमोर असले विषय काढत नाही. तो बहिणीचा मान. त्या मानाने तिला एकटे पाडले होते.

संध्याकाळी तेविता आला. लुपे आत कंद सोलत होती, मला तिने सोडून पायरीवर ठेवले होते. तो दाराकडे पाठ करून माझ्याशेजारी बसला.

“चटई, तुलाच सांगतो. तो आता येणार नाही. ताईला म्हणावं, वाट बघू नकोस.”

आत सुरी थांबली. “चटई, त्याला विचार, हे आधी का नाही सांगितलं?”

तो बराच वेळ माझ्या उसवलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, “तेव्हा तू पेटीत होतीस गं.”

आत सुरी पुन्हा चालू लागली. तो उठून गेला.

मित्रांनो, आपल्या माणसाला सांगायचे ते त्यालाच सांगा. माझ्यासारख्या मुक्या वस्तूंवर सोपवू नका. आम्हाला ते पुढे पोचवता येत नाही.

तेविता रोज पायरीपर्यंत येतो. लुपेने त्याला अजून आत बोलावलेले नाही.