टाकीचं झाकण

आमच्या घराला चार चाकं होती आणि त्यातलं एकही धड नव्हतं. हसायचं तर हसा, सुरुवातीला मीही हसले होते. शिशिरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, बंद पडलेल्या एका शाळेची जुनी मॅटाडोर उचलून आणली आणि तिच्यात पलंग, ओटा, गॅस, खिडक्यांना पडदे असं सगळं स्वतःच्या हातांनी बसवलं. चारचौघांत मी त्याला अहो म्हणायचे, मनात मात्र तो शिशिरच. सुटीत आईला घेऊन राजिमला जायचं, अमरकंटकला जायचं, एवढीच त्याची हौस होती.

मग छत्तीसगड झालं, रायपूर राजधानी झालं आणि भोपाळहून साहेबलोकांच्या सामानाचे ट्रक यायला लागले. समता कॉलनीतल्या आमच्या घरमालकाला एकाएकी आपलं घर साहेबाच्या लायकीचं वाटू लागलं. इतकी वर्षं गळणारं छत आम्ही सांगून सांगून दुरुस्त झालं नव्हतं, ते आठवड्यात झालं, आणि आम्हाला जा म्हणून सांगण्यात आलं. शहरभर तीच गत होती. शिशिर म्हणाला, "काहून रडून राहिली? आपलं सोताचं घर आहे. वरून चाकं आहेत त्याले." नवी खोली मिळेपर्यंत म्हणून आम्ही गाडीत राहायला गेलो, ते राहिलोच. बीरगांवला एका मारुतीच्या देवळामागे मोकळं मैदान होतं, तिथे हातपंपही होता. शिशिरची नोकरी जवळच सिलतऱ्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात, म्हणून तेच बरं पडलं. सकाळी पडदे झटकले की हातावर काळी पूड यायची.

माझ्या सासूबाई वनमालाबाई आमच्याबरोबर होत्या. त्यांना बादलीभर पाण्याने अंघोळ केल्याशिवाय चहासुद्धा चालत नाही. आता एवढ्याशा गाडीत पाण्याची टाकी बसवायची कुठे? शिशिरने डिझेलची टाकी कापून निम्मी केली आणि उरलेल्या जागेत पाण्याची बसवली. डिझेलचा काटा तर गाडी आणली तेव्हापासूनच मेलेला. म्हणून त्याने एक लाकडी पट्टी केली होती, तिच्यावर चाकूने खुणा. दर रविवारी मागच्या चाकावरच्या तोंडातून ती टाकीत घालायची आणि कितपत ओली झाली ते बघायचं. टाकी इतकी लहान, की भनपुरीच्या पंपावरचा माणूस डिझेल भरताना म्हणाला, "बस, भर गया? भैया, ये गाड़ी है कि लूना?" झालं. शिशिरच्या गाडीला नाव ठेवलेलं त्याला कधी खपलं नाही. दोघांची अशी जुंपली, की टाकीचं झाकण पंपावरच राहिलं. मी म्हटलं, जाऊन घेऊन या. तो म्हणाला, त्या माणसाचं तोंड पाहणार नाही. आईच्या जुन्या लुगड्याचा बोळा टाकीच्या तोंडात कोंबला, "नवीन झाकण आणतो" म्हणाला आणि आणलं नाही. त्या दिवसांत त्याला चालताना दम लागायला लागला होता. वाकून गाडीखाली शिरणंही त्याने सोडलं होतं. एरवी टाकीच्या बुडाचा नट उघडून गाळ काढणं हे त्याचं ठरलेलं काम होतं.

समता कॉलनीतून निघताना सासूबाईंनी एकच हट्ट धरला होता, तुळस सोडून येणार नाही. तुळस गाडीत ठेवली तर माती पलंगावर, म्हणून शिशिरने तुपाच्या रिकाम्या डब्यात ती लावली, डब्याच्या बुडाला भोकं पाडली आणि लोखंडी पट्टी वाकवून डबा गाडीच्या बाजूला, मागच्या अंगाला, बाहेरून टांगला. गाडी कुठेही लावली तरी ती बाजू उगवतीकडे पाहिजे, ही सासूबाईंची अट. रोज अंघोळ झाली की त्या तांब्याभर पाणी तुळशीला घालायच्या आणि गाडीला फेरी मारणं जमत नाही म्हणून स्वतःभोवतीच प्रदक्षिणा घालायच्या. पाणी हातपंपावरून मी ओढायचे, तेव्हा माझं तोंड बंद राहणं शक्य नव्हतं. "आई, तुळस आहे ते, म्हैस नाई." त्या म्हणायच्या, "तुया नवऱ्यासाठीच घालून राहिली वो बाई. त्याचा जीव नीट राहू दे म्हणून." आणि मुद्दाम आणखी थोडं घालायच्या. भांडणाशिवाय आमचा दिवस उजाडत नसे.

आणि मग एका रविवारी शिशिर पट्टी हातात धरून लहान मुलासारखा ओरडला, "कुसुम, इकडे पाय ना! डिझेल कमीच नाई होऊन राहिलं!" खरंच, खूण होती तिथेच होती. गाडी फिरत कमीच होती, मैदानात जत्रा भरली की देवळाच्या पुढे, जत्रा उठली की मागे, इतकंच. पण तरी. पुढच्या रविवारी तर खूण जरा वरच गेली. त्याने ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, की त्याची गाडी नुसत्या वासावर चालते. मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा तेच शहाणी निघाली." तो खूप हसला, आणि हसता हसता छातीला हात लावून खाली बसला.

राज्याला वर्ष व्हायला आलं होतं तेव्हाची सकाळ. शिशिर दाढी करता करता आरसा सोडून पलंगावर आडवा झाला. तोंड राखेसारखं, अंगभर घाम, डावा हात धरलेला. मला काही समजावून सांगावं लागलं नाही. मैदानात आमच्याशिवाय कोणाची गाडी नव्हती. मी चालवायला बसले. मला गाडी त्यानेच शिकवली होती, रोज एकदा रागावून. पट्टी बुडवून बघितली, निम्म्याच्या वर ओली. मोठ्या हॉस्पिटलात पोचायला एवढं डिझेल दोनदा पुरलं असतं. सासूबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी निघाले.

भनपुरीच्या अलीकडे गाडीने गचका खाल्ला. मग दुसरा. मग इंजिन खोकलं आणि बंद पडलं. मी चावी फिरवली, पुन्हा फिरवली. उतारावर गाडी थोडी घरंगळली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

मी रस्त्यात उभी राहून हात करायला लागले. रस्ता रिकामा होता. त्या रस्त्यावर एरवी ट्रकांमुळे पलीकडचं दिसत नाही आणि त्या दिवशी कुत्रंही नव्हतं. पुढच्या चौकातून एक हवालदार धावत आला. "ए दीदी, गाड़ी हटाओ यहाँ से! मंत्रीजी निकलने वाले हैं, दोनों तरफ रोक के रखा है।" मी त्याला हाताला धरून गाडीच्या दारापर्यंत ओढलं आणि आतला माणूस दाखवला. त्याचा आवाज खाली आला. वायरलेसवर काहीबाही बोलला. मग म्हणाला, "काफिला निकल जाए, तब कुछ कर पाऊँगा।" मी म्हटलं, "तब तक ये रहेगा क्या?"

सीटखाली डिझेलचा डबा होता. बोळा काढून तो सगळा टाकीत ओतला. इंजिन फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. बॅटरी दमायला लागली. मी रडत होते आणि शिव्याही देत होते, गाडीला, मंत्र्याला, घरमालकाला, शिशिरला. आतून त्याचा आवाज आला, अगदी बारीक. "कुसुम... नट उघड. खालचा."

मी रस्त्यावर पाठ टेकून गाडीखाली शिरले. नट गंजला होता. पान्याने हात सोलला तेव्हा सुटला. हातावर जे आलं ते डिझेल नव्हतं. पाणी होतं. मला वाटलं थोडंसं असेल, पण ते येतच राहिलं. कोपरापर्यंत, बाहीत, मानेखाली. माझ्या नवऱ्याचा जीव जात होता आणि टाकीतून पाणी काही संपत नव्हतं. त्या पाण्यात काळे बारीक दाणे होते, आणि दोन-तीन कुजकी पानं. मी मान वळवली. सासूबाई खाली उतरून चाकाशी वाकून बघत होत्या. त्यांनी ते पाणी बघितलं, पान उचलून बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. मग त्यांनी वर बघितलं. वर डब्याच्या भोकातून त्याच सकाळचं पाणी अजून टपकत होतं, बरोबर टाकीच्या तोंडावर, जिथे तो लुगड्याचा बोळा असायचा.

मी त्यांच्याकडे कसं बघितलं असेल ते मला माहीत नाही. मला त्यांचा गळा धरावासा वाटला होता, हे मात्र माहीत आहे.

डिझेलचा वास आला तसा मी नट आवळला आणि आत गेले. शिशिरने डोळे उघडले. "काय निघालं? पाणी?"

"नाई, कचरा होता," मी म्हटलं.

"आता फिल्टर मोकळा कर. अन् हवा काढ." तो एकेक शब्द थांबून सांगत होता. "फिल्टरवरचा स्क्रू ढिला... हाताचा पंप मार... बुडबुडे संपेपर्यंत." मी मारत होते. मला वाटत होतं, त्याने माझं नाव घ्यावं, काही वेगळं बोलावं, पुढे काय करायचं ते सांगावं. तो मला डिझेलमधली हवा काढायला शिकवत होता आणि त्याला स्वतःला हवा पुरत नव्हती. "बुडबुडे?" "येऊन राहिले अजून." "मार." मंत्र्याच्या गाड्या आमच्या शेजारून सूं करत गेल्या. लाल दिवे, काळ्या काचा. आम्हाला गाडी हलवायला सांगणारा हवालदार टोपी बगलेत मारून मागून धक्का द्यायला उभा राहिला.

मी चावी फिरवली, इंजिनने पेट घेतला, गाडी लागली. धूर सोडत, खोकत, पण लागली. मी ओरडले, "लागली वो! ऐकलं काय, लागली!" मागून तो म्हणाला, "आवळ... स्क्रू." हेच त्याचं शेवटचं बोलणं.

हॉस्पिटलात त्याला आत घेतलं आणि लगेचच डॉक्टर बाहेर आला. शिशिर गेला होता. डॉक्टर तरुण होता, वाईट नव्हता, सगळ्यांना सांगतात तसं त्यानेही सांगितलं, "थोड़ा पहले ले आते तो कुछ हो सकता था।" मी सासूबाईंकडे बघितलं. त्या आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या.

दिवस झाले, माणसं येऊन गेली. यवतमाळहून दीर आले होते, श्यामकांत. आईला घेऊन जातो म्हणाले. त्या म्हणाल्या, "मी कुसुमपाशीच राहीन." का ते मला कळलं नाही. मी त्यांच्याशी एक शब्द बोलत नव्हते. त्याही बोलत नव्हत्या. अंघोळ करायच्या आणि पलंगाच्या टोकाला बसून राहायच्या. तुळशीकडे त्या गेल्याच नाहीत. पानं गळायला लागली. मी जाता-येता बघत होते आणि वाळू दे मेली म्हणत होते. पण सकाळ झाली की गाडीत इतकी शांतता असायची, की मला बाहेर पळून जावंसं वाटायचं. भांडायला माझं जगात तेवढंच माणूस उरलं होतं.

एक दिवस मी भनपुरीच्या पंपावर चालत गेले. तोच माणूस होता. मी गाडीचं वर्णन करायच्या आधीच त्याने गल्ल्याखालच्या फडताळातून झाकण काढून माझ्या हातात ठेवलं. "उसी दिन से रखा है, दीदी। भैया नाराज हो गए थे, फिर आए ही नहीं।" घासून पुसून ठेवलं होतं. मी ते घेऊन तिथेच पंपाच्या पायरीवर बसले आणि पोटभर रडले. तो बिचारा पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता.

परत आले, टाकीच्या तोंडावर झाकण बसवलं, घट्ट फिरवलं. तांब्या भरला आणि सासूबाईंच्या पुढे धरला.

"घाला."

त्यांनी हात मागे घेतले. "नाई वो. माह्या हातानं नाई."

"झाकण लावलं, आई. घाला म्हणतो ना मी."

त्या उठल्या नाहीत. मग मीच रागारागाने बाहेर गेले आणि तांब्याभर पाणी तुळशीला ओतलं, म्हशीला घालावं तसं. डब्याच्या भोकांतून ते टपकायला लागलं, झाकणावर, तिथून चाकावर. मागे पायांचा आवाज झाला. सासूबाई आल्या होत्या. त्यांनी पुढे होऊन झाकणावर उजव्या हाताचा तळवा धरला आणि थेंब झेलायला लागल्या. तळवा भरला की बाजूला सांडायच्या, पुन्हा हात धरायच्या. झाकण घट्ट होतं, मी त्यांना तसं सांगितलंही. तरी त्यांनी शेवटचा थेंब पडेपर्यंत हात काढला नाही.