पहिल्या पाटीचा मान

जानराव जेवायला बसले आणि भाकरीवरच राग काढू लागले. कोर मोडायची, वरणात बुडवायची आणि तशीच ताटात ठेवून द्यायची! गोदाबाई भाकरी थापत राहिल्या. विचारलं तर हा माणूस तोंड मिटतो आणि न विचारलं तर आपणच सगळं बोलून टाकतो, हे त्यांना पंचवीस वर्षांच्या संसारात पक्कं कळलं होतं.

"पोट्टे मले खेळ शिकवून राहिले!" शेवटी जानराव बोललेच.

खेळ म्हणजे आट्यापाट्या. मैदानावर आडव्या नऊ पाट्या आखायच्या, दर पाटीवर एक राखणदार. त्यांना चुकवून पार जायचं आणि तसंच परत यायचं, की झालं लोण. ज्याला हात लागला तो बाद. अमरावतीच्या कापूसबाजाराचे गडी दर होळीला अकोल्याला खेळायला जात आणि जानराव त्यांचे म्होरके.

सातासमुद्रापलीकडे कुठं लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. बाजार फुगला, गाड्या दुप्पट झाल्या, माणसांच्या चाली बदलल्या. बदलला नाही तो जानरावांचा खेळ! एकेकानं जायचं, तेही वयाप्रमाणे, सगळ्यांत थोरल्यानं पहिलं. हा मान. या मानापायी सहा वर्षं ओळीनं अकोल्यात हरायचं, तेही मोठ्या मानानंच!

"काय म्हनतात पोरं?" गोदाबाईंनी विचारलं.

"त्या रहमतुल्ला रंगाऱ्याचा सत्तार म्हनते, सारे एकाच वक्ती घुसू. बाजारात सांड आडवा झाला का एक जन त्याले सरकी दाखवते, बाकीचे गठ्ठे घेऊन निघून जातात, तसं! थोरला-धाकला पाहाचंच नाई म्हनते!"

"मंग खोटं काय हाय त्यात?"

"अवं, रीत हाय ना ते!"

गोदाबाईंनी तव्यावरची भाकर उलटली. "मोर्शीची सून सत्यभामा आली तवा माह्या घरात एकच चूल होती. तिनं दुसरी मांडली. मले लय राग आला, दोन दिवस बोलली नाई मी तिच्याशी. आता दोन्ही चुली संगं पेटतात अन् तुमाले गरम भाकर भेटते. माहा मान गेला का? मले तर वाढला वाटते!"

जानरावांनी ताटातल्या कोरा उचलल्या. भाकर पुरी खाल्ली.

होळीला अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी मैदान माणसांनी भरून गेलं होतं. पहिल्या डावात जानराव रीतीप्रमाणे पहिले गेले. डावीकडे झुकायचं आणि उजवीकडून निसटायचं, ही त्यांची हूल वीस वर्षांची जुनी. ती आता अकोल्याच्या लहान पोरालाही पाठ होती! तिसऱ्याच पाटीवर ते बाद झाले आणि मागचेही एकेक करून बाद. लोण शून्य. अकोल्यानं मात्र आपल्या दोन्ही डावांत मिळून एक लोण केलं; आता अमरावतीचा एकच डाव उरला.

अकोल्याचे म्होरके किसनराव जवळ आले. थट्टा न करता म्हणाले, "जानराव, वाईट मानू नका. पुढच्या साली आमी दुसऱ्या गावाशी खेळतो. तुमच्याशी खेळात काई रंगतच नाई राहिली."

हे मात्र काळजाला लागलं! हरणं निराळं आणि खेळायलाच न बोलावणं निराळं. आपल्या मानासाठी सगळ्या गावाचा मान घालवला, हे जानरावांना तिथंच उमगलं. त्यांनी सत्तारला हाक मारली.

"बेटा, सांडाले सरकी कोन दाखवते?"

"कोनीबी चालते, काका."

"मंग मी दाखवतो. तुमी निघा!"

दुसरा डाव सुरू झाला आणि अमरावतीचे सगळे गडी एकदम घुसले! कोण थोरला, कोण धाकटा, कुणाला पत्ता लागेना. पाचव्या पाटीवर खुशालराव हा अकोल्याचा सर्वांत कडवा राखणदार. जानराव सरळ त्याच्यासमोर गेले आणि तीच जुनी हूल दिली. म्होरक्यालाच पकडायचं या हौसेनं खुशालराव झेपावला, जानराव बाद झाले आणि मोकळ्या पाटीवरून चार पोरं सुसाट पार! बाहेर उभे राहून जानराव टाळ्या पिटत ओरडत होते, "पळा रे, माह्या वाघांनो!"

एक लोण झालं. मग दुसरं झालं! अकोल्याच्या लोकांनीही पागोटी उडवली. किसनरावांनी मिठी मारली, "पुढच्या साली यायलाच लागते, बाप्पा!"

सत्तारनं जिंकलेलं निशाण जानरावांपुढे धरलं. त्यांनी ते परत त्याच्याच हाती दिलं आणि डोळे पुसले.

चार मुक्कामांनी घरी पोचल्यावर अंगणातूनच त्यांनी आवाज दिला, "अवं, दोन्ही चुली पेटल्या बरं!" गोदाबाई आणि सत्यभामा दोघी हसत बाहेर आल्या.

वाचकहो, तरुणांनी चाल बदलली तर आपली जागा जाईल, ही भीती आपल्या घराघरांत आहे. जानरावांची जागा गेली नाही, त्यांना नवी जागा मिळाली. आपल्या अनुभवाचा आडोसा तरुणांना द्यावा आणि त्यांना पुढे पळू द्यावं. थोरपणाचा खरा मान हाच आहे!