तांब्याच्या पोटचा निळा

हेमंतातली दुपार. काळ्याकभिन्न पाषाणाच्या खाणीवर पिवळ्या, निवांत उन्हाची साय धरलेली. कातळाच्या पोकळ्यांतून शुभ्र स्फटिक लुकलुकत होते, आणि खाणीकाठच्या पत्र्याच्या छपरीत मुकिंदा, स्फटिक धुणारा मुकिंदा, गुडघ्यांवर हात टाकून नुसता बसला होता.

दहा दिवस झाले, त्याचं कशातच मन नव्हतं.

दहा दिवसांपूर्वी त्याच्या थोरल्या बहिणीनं, कोंडाअक्कानं, पदराच्या गाठीतून एक दगड सोडला होता. निळा! आभाळाचा नव्हे, पाण्याचा नव्हे. तांब्याच्या पोटी जन्मलेला, गहनगूढ, दुर्मीळ निळा. मूठभरच, पण हातात घेताच मनगट वाकवणारा. रावजी दाजींनी दूरच्या तांब्याच्या खाणीतून तो अक्कासाठी आणला होता. पुढच्या खेपेला दाजी आले नाहीत, त्यांच्या मरणाची बातमी आली. वर्षश्राद्धाला फोटोपुढे तो निळा मांडायचा, एवढीच अक्काची इच्छा. कडेला चुन्याचं पांढरं किटण होतं, तेवढं मुकिंदानं काढून द्यायचं.

मुकिंदाचा हात म्हणजे नावाजलेला हात. इथले खडे तो ॲसिडाच्या पाण्यात सोडी. चुना फसफसून निघून जाई, खडा तसाच राही. अनोळखी दगडावर मात्र आधी एक थेंब टाकून पाहावा, हा नियम त्यानंच साऱ्या छपरीला शिकवला होता. त्या दिवशी त्यानं तो स्वतः पाळला नाही. गर्वाचं घर खाली म्हणतात, ते उगाच नाही.

दगड टबात सोडून तो जेवायला गेला. परतला तेव्हा पाणी निळं-हिरवं झालं होतं, आणि तळाशी चिमूटभर तपकिरी माती. चुना विरघळतो तसाच हा निळाही विरघळतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं कुणाला विचारलंही नव्हतं.

अजून भिजतोय, असं त्यानं अक्काला सांगितलं. चार दिवसांनी पुन्हा तेच. अक्का मान डोलवी, आणलेली भाकरी त्याच्यापुढे ठेवी आणि जाई. ती भाकरी, ती बहिणीच्या हातची भाकरी, तो तशीच फडक्यात गुंडाळून ठेवी. ते निळं पाणी त्यानं ओतून दिलं नाही. काचेच्या बरणीत भरून फळीवर ठेवलं, आणि दिवसातून दहादा त्याच्याकडे पाहून मान खाली घातली.

आज बरणी हलवताना फळीवरचा एक लोखंडी खिळा तिच्यात पडला. बऱ्याच वेळानं काढून धुतला, तर तांबडा! नखशिखांत तांबडा, कोवळा, लखलखता. निळा गेला होता. त्याच्या पोटातलं तांबं गेलं नव्हतं, ते खिळ्यावर चढलं होतं. मुकिंदाला रडू आलं, आणि खिळा मुठीत धरून तो उठला. श्राद्ध उद्यावर आलं होतं.

घरी अक्कानं भुई सारवली होती. फोटो भिंतीला टेकवलेला, आणि त्याच्यापुढे दगडापुरती जागा राखलेली. मुकिंदानं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

तिनं त्या रिकाम्या जागेवरून हात फिरवला.

"एक थेंब टाकून बघायचास ना रे."

"चुकलं, अक्का. आणि वर तुझ्याशी खोटं बोललो."

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं खिळा घेतला, बोटांत फिरवला, आणि परत त्याच्या हाती दिला.

"ठोक भिंतीत. फोटो टांगू."

पहिल्याच घावाला माथ्याचं तांबं खरवडलं, आतलं काळं लोखंड दिसलं. मुकिंदाचा हात थबकला. मग अक्का पुढे झाली. तिनं पदराची घडी खिळ्याच्या माथ्यावर धरली, आणि तो हळू, हळू, हळू ठोकत राहिला. मातीची भिंत होती, खिळा सहज आत गेला.

भिंतीवर दाजी. खाली सारवलेल्या भुईवर दगडापुरती रिकामी जागा. आणि फोटोच्या वर, उतरत्या उन्हात, एक तांबडा ठिपका. त्यावर एक काळा ओरखडा.